तिसऱ्या ‘अजून’ला

मिरजेत सतारीची जवारी काढणाऱ्या माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात. कानस चालवणं आणि कानस खाली ठेवणं. पहिली चार-पाच वर्षांत हातात बसते, दुसरी काहींना मरेस्तोवर जमत नाही. दस्तगीरला ती जमते असा निदान त्याच्या एकसष्टीपर्यंत तरी सगळ्या गल्लीचा समज होता.

जवारी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. सतारीच्या तारा ज्या घोडीवरून जातात ती वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी नकळत उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, म्हणून सूर नुसता टण्ण करून मरत नाही, गुंजत राहतो. हा उतार कानशीनं काढायचा, केसाच्या दहाव्या हिश्श्यानं. वादक समोर बसलेला असतो. तो तार छेडतो आणि म्हणतो, “अजून थोडी खुली करा,” म्हणजे सूर अजून गुंजू दे. कारागीर हात फिरवतो. वादक म्हणतो, “अजून.” पुन्हा हात. वादकानं तिसऱ्यांदा ‘अजून’ म्हटलं, की दस्तगीरच्या घरात कानस खाली ठेवून चहा सांगायची रीत होती. राहिलेलं अंतर वादकानं वाजवून वाजवून भरायचं. दस्तगीरचे वडील म्हणायचे, “पुरी खुली करून दिली, तर त्याला वाजवायला काय शिल्लक ठेवलं?”

या रीतीची सगळ्यात जास्त टवाळी केली ती धनपाल मगदूमनं.

धनपाल साखर कारखान्यात केमिस्ट होता. दिवसा उसाच्या रसात साखर किती ते मोजायचा आणि संध्याकाळी सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. तेहतीस वर्षांपूर्वी तो गिटारचं एक बंद पडलेलं पेडल घेऊन दस्तगीरच्या दुकानात आला. दस्तगीर सतारींबरोबर इलेक्ट्रॉनिक तानपुरेही दुरुस्त करायचा आणि त्या गल्लीत सोल्डरिंग येणारा तो एकटाच होता. पेडल दुरुस्त झालं. धनपालनं ते वाजवून बघितलं आणि म्हणाला, “हाय तसंच झालं की लेका. मला वेगळं पाहिजे.” तिथून जे सुरू झालं ते तेहतीस वर्षं संपलं नाही.

इलेक्ट्रिक गिटारचं असं असतं, की तिचा स्वतःचा आवाज डासाएवढा. तारेची थरथर चुंबकाभोवतीच्या गुंडाळीत वीज होऊन उतरते. ती वीज वादकाच्या पायाशी मांडलेल्या पेडलांतून जाते. तिथं तिचे कंगोरे कापले जातात, ती दाबली जाते, लांबवली जाते, आणि मग ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या खोक्यात, फुगून बाहेर पडते. म्हणजे गिटारवाल्याचा आवाज गिटारीत नसतोच, वाटेत कुठेतरी असतो. धनपालला त्या वाटेवर स्वतःचा आवाज हवा होता. तो कसा, हे त्याला सांगता मात्र यायचं नाही. “भाजलेला पाहिजे, पण करपलेला नको,” तो म्हणायचा. नाहीतर, “काकवी असती बघ, गुळावर यायच्या जरा आधीची. तसला.” दस्तगीर मान हलवायचा आणि स्टीलच्या जेवणाच्या डब्यात नवं सर्किट बसवायचा. डब्याला भोकं पाडून बटणं लावायची, झाकणावर नंबर टाकायचा. असे एकेचाळीस डबे दुकानाच्या फळीवर जमले होते. त्यातला एकोणतीस नंबर बराचसा काकवीजवळ गेला होता, पण थंडीत तो बिघडायचा.

प्रत्येक डब्याच्या वेळी धनपाल ‘अजून, अजून’ करायचा, आणि तिसऱ्या अजूनला दस्तगीर सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवून चहा सांगायचा. “झाला का तुझा नमाज?” धनपाल चिडवायचा. “तुझ्या बापानं सतारवाल्यांसाठी केलेला नियम मला कशाला लावतोस? माझी गिटार काय घासून खुली होणाराय?” दस्तगीर म्हणायचा, “तू होशील की खुला, वाजवून वाजवून.” मग दोघं चहा प्यायचे आणि धनपालची बायको त्रिशला हिचा फोन यायचा, की ते डबे राहू देत, जेवणाचा डबा गार झाला. त्रिशला शाळेत भूगोल शिकवायची. भरल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज फोनमधून दुकानभर ऐकू यायचा.

दोन हजार बेचाळीसच्या मार्च महिन्यात डॉक्टर रेणुका अंकलीकर पुण्याहून एक पेटी घेऊन आली. ती श्रवणयंत्रांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत होती, आणि हौसेनं सतार शिकायची, म्हणून दस्तगीरची ओळख. गेली दोन वर्षं ती त्याला सल्लागार म्हणून बोलावत होती. आवाज खुला म्हणजे काय, बंद म्हणजे काय, हे तिला मशीनला शिकवायचं होतं, आणि दस्तगीरइतका शिकलेला कान तिला दुसरा सापडला नव्हता.

“चाचा, आपल्या कानातसुद्धा एक ॲम्प असतो,” तिनं त्याला पहिल्याच भेटीत समजावलं होतं. “आतल्या शंखात केसासारखं टोक असलेल्या पेशींच्या रांगा असतात. एक रांग ऐकते. उरलेल्या तीन रांगा ऐकत नाहीत, त्या आवाजाच्या तालावर आखूड-लांब होतात आणि येणारा आवाज वाढवतात. कुठला सूर किती वाढवायचा, त्याचं बटण मेंदूच्या हातात असतं. मेंदूतून खाली कानाकडे जाणारे धागेच असतात त्यासाठी. माणूस आवाज ऐकतो तेव्हा तो त्या आवाजाला आपल्या परीनं जुळवूनही घेत असतो.”

तिची पेटी हीच जुळणी वाचायची. कानामागे दोन चकत्या चिकटवायच्या. कानात आवाज सोडला की मेंदूच्या देठात त्याच आकाराची अतिशय बारीक वीज उमटते. ती चकत्या पकडतात. मशीन आवाज किंचित बदलतं, पुन्हा वीज वाचतं, पुन्हा बदलतं, सेकंदाला चाळीस वेळा. माणसाच्या आत जो आवाज आधीच घडून बसलेला असतो, त्याच्या जवळजवळ सरकत जातं. बहिऱ्या होत चाललेल्या माणसांना त्यांच्या त्यांच्या मापाचं श्रवणयंत्र देता यावं म्हणून हा सगळा खटाटोप होता. पेटीला प्रयोगशाळेनं अनुश्रुती असं नाव दिलं होतं.

पडद्यावर शून्य ते शंभर आकडा यायचा. शंभर म्हणजे कानात पडलेला आणि आत बसलेला आवाज तंतोतंत एक. पण मशीन सत्त्याण्णवला थांबायचं, तिथं कुलूप होतं. हे कुलूप दस्तगीरनंच घालायला लावलं होतं. “तीन मार्क सोडा, मॅडम,” तो तिला म्हणाला होता. “का ते मला सांगता यायचं नाही. आमच्यात सोडतात.” रेणुकानं हसून होकार दिला होता आणि कुलूप काढायचा अंगठा ज्या दोघांचा चालायचा, त्यातला एक दस्तगीरचा ठेवला होता. ती पेटी महिनाभर त्याच्याकडे ठेवून गेली. वाद्यांवर करून बघा म्हणाली.

वाद्य म्हटल्यावर दस्तगीरला दुसरं कोण सुचणार?

धनपाल दुसऱ्या दिवशी दुपारी गिटार घेऊन हजर झाला. नुकताच निवृत्त झालेला, अंगावर नवा शर्ट. दस्तगीरनं चकत्या लावल्या आणि गिटारची वायर पेटीत खुपसली. फळीवरच्या एकेचाळीस डब्यांतला एकही खाली काढावा लागला नाही. धनपालनं एक तार ओढून सोडली. आवाज कचकड्यासारखा आला. आकडा होता एकतीस. तो वाजवत गेला तसा आवाज सरकत गेला, कधी पत्र्यावर गेला, कधी नाकात बोलला. चाळीस मिनिटांत आकडा सत्त्याण्णवला पोचला आणि पेटीनं बारीक टुणकन केलं.

धनपालनं वाजवणं थांबवलं. मग हळूच एक सूर लावला. दुकानात लटकलेल्या सतारींच्या तरफा, म्हणजे खालच्या बारीक तारा, आपोआप गुणगुणल्या. धनपालच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलंसुद्धा नाही.

“दस्तू,” तो म्हणाला, “हाच रे. हाच हुता.”

दस्तगीर हसला आणि फळीवरच्या डब्यांकडे बघायला लागला. खोटं कशाला बोला? तेहतीस वर्षं, एकेचाळीस डबे, सोल्डरच्या धुरानं लाल झालेले डोळे, आणि ही कालची पेटी चाळीस मिनिटांत काकवी गाळून मोकळी. मित्राला मिळालं याचा आनंद होता. पण ते आपल्या हातून मिळालं नाही ही आग त्या आनंदापेक्षा मोठी होती.

“अजून हाय का रे ह्यात?” धनपालनं विचारलं.

“सत्त्याण्णव झालं. बास.”

“तीन राहिले न्हवं? बघ की. अजून जरासं.”

“धन्या, पुरे.”

“अजून, दस्तू. एकदाच.” धनपाल लहान पोरासारखा बघत होता. “आत्तापर्यंत दरवेळी चहा पाजलास. आज नको पाजू.”

हे तिसरं अजून होतं. दस्तगीरला ते कळलं, त्यानं ते मोजलंसुद्धा. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, की मशीन थांबलंय, आता उरलेले तीन तरी माझ्या हातून होऊ देत. त्यानं अंगठा टेकवला. कुलूप निघालं. आता बटण त्याच्या हातात होतं, कानशीसारखं. केसाच्या दहाव्या हिश्श्यानं त्यानं ते फिरवलं. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. मग शंभर.

धनपाल तासभर वाजवत राहिला. चहा कुणी सांगितला नाही.

पुढचे अठरा दिवस धनपाल हवेत होता. पेटीत सापडलेला आवाज रेणुकानं पेटीबरोबर दिलेल्या छोट्या चिपमध्ये उतरवून त्यानं आपल्या ॲम्पला जोडला. पहाटे उठून वाजवायचा, जेवताना एका हातानं वाजवायचा. त्रिशलानं दस्तगीरला फोन करून सांगितलं, “भाऊ, तुम्ही काय करून ठेवलंय हे? पण सोन्यासारखा वाजवायला लागलाय माणूस. छत्तीस वर्षांत मी एवढं ऐकलं नव्हतं.” दस्तगीर फोन ठेवून बराच वेळ खूश होता.

एकोणिसाव्या दिवशी जुन्या ऑर्केस्ट्रातल्या लोकांचा मेळावा होता, सांगलीच्या एका कार्यालयात, सकाळी अकराला. पिकल्या केसांचे ड्रमर, पोट सुटलेले गायक, सगळे जमले. धनपाल शेवटी उठला. त्यानं आलाप सुरू केला आणि दोनच मिनिटांत सभागृहात खुर्चीची करकर ऐकू येईनाशी झाली. पुढच्या रांगेत त्रिशला पदर तोंडाला लावून बसली होती. दस्तगीर भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला वाटत होतं, अब्बा असते तर त्यांना आणून ऐकवलं असतं.

मध्येच धनपाल थांबला. त्यानं मागे वळून ॲम्पकडे बघितलं, वायर हलवली. पुन्हा एक सूर लावला. तो सूर भरल्या घागरीसारखा सगळ्या सभागृहात भरला, आणि धनपालनं ॲम्पला लाथ घातली.

“बंद पडला की हो हा,” तो माईकमध्ये म्हणाला. “आवाज येईना.”

लोकांना वाटलं गंमत करतोय. काही हसले. धनपालनं पुन्हा तारेवर हात मारला, जोरात, आणि कान ॲम्पच्या जाळीला लावून उभा राहिला. आवाज एवढा होता की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. धनपालनं मान वर केली आणि सभागृहात दस्तगीरला शोधलं. “दस्तू, बघ रे काय झालंय,” तो म्हणाला. “नखी तारेवर घासलेली तेवढी ऐकायला येतीया.”

रेणुका त्याच आठवड्यात आली. तिनं धनपालचे कान तपासले. कान उत्तम होते, साठीच्या माणसाचे म्हणून दाखवावे असे. मग तिनं पेटीतली नोंद उघडली. शंभर आकडा बघितला, अंगठा कुणाचा ते बघितलं, आणि मान वर करून दस्तगीरकडे बघितलं. धनपाल आणि त्रिशला समोर बसले होते. ती त्याबद्दल काही बोलली नाही, आणि दस्तगीरही बोलला नाही.

“घरातला पंखा तुम्हाला ऐकू येतो का?” तिनं त्रिशलाला विचारलं. “येत नाही. वीज गेली की मग कळतं पंखा चालू होता. कारण मेंदू काटकसरी आहे. पुढच्या क्षणाला काय कानावर पडणार, याचा तो आधी अंदाज बांधतो. अंदाजाप्रमाणे आलं, तर ते वर पाठवतच नाही. चुकलं तेवढंच पाठवतो. आपण जगात जे ऐकतो ते सगळं मेंदूच्या चुकांतून ऐकतो. काकांच्या गिटारचा आवाज आणि काकांच्या आतला अंदाज यात आता काहीच अंतर उरलं नाही. आवाज कानात येतो, पण तिथेच खोडला जातो.”

“मग बिघडवा की तो आवाज,” त्रिशला म्हणाली. “परत सत्त्याण्णवला आणा.”

“आवाज बिघडवता येईल, पण भीती वेगळीच आहे,” रेणुका म्हणाली. “इतकी वर्षं कानाला माहीत नव्हतं, की एखाद्या गोष्टीशी पूर्ण जुळता येतं. आता त्याला माहीत झालंय. तो बाकीच्या आवाजांशीही तसाच जुळत जाईल.”

तिनं पेटी उचलून नेली. पुण्यात प्रयोग बंद झाला असं नंतर कळलं.

दस्तगीरनं मात्र हार मानली नाही. आवाज बिघडवायचाच तर त्यासाठी त्याच्यासारखा हात कुणाचा! त्यानं फळीवरून एकोणतीस नंबरचा डबा खाली काढला. थंडीत बिघडायचा तोच. धनपालनं वाजवला आणि त्याचा चेहरा उजळला. “येतंय! करपट वास मारतोय, पण येतंय!” दोघं हसले, दस्तगीरनं चहा सांगितला, आणि त्याला वाटलं की निस्तरलं. एकोणतीस नंबर अकरा दिवस ऐकू आला. मग गेला. तेहतीस नंबर सहा दिवस टिकला. सात नंबर, जो इतका वाईट होता की धनपालनं त्याला ‘शिंकणारा डबा’ नाव ठेवलं होतं, तो तीन दिवस. पावसाळा संपेपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस डबे होऊन गेले. दस्तगीर बेचाळिसावा करत होता तेव्हा धनपालनं त्याचा हात धरला.

“राहू दे,” तो म्हणाला. “शेवटचा डबा दुपारपर्यंत पण टिकला न्हाई.”

त्यानं गिटार खोक्यात ठेवली. नंतर ती त्या खोक्यातून निघाली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर माणूस जगला असता. गिटारशिवाय लाखो लोक जगतात. पण कानाला एकदा लागलेली सवय गिटारपुरती थोडीच राहणार? ऑक्टोबरात एका सकाळी त्रिशला दुकानात आली. ती आजवर एकटी कधी आली नव्हती. सतारींच्या खाली स्टुलावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

“भाऊ, ह्यांना मी ऐकू येत नाही,” ती म्हणाली.

दस्तगीरनं कानस खाली ठेवली.

“आधी वाटलं लक्ष नाही. चहा घ्या म्हटलं तर बघायचे नाहीत. काल मी पाठीमागं उभी राहून दहा वेळा हाक मारली. त्याच वेळेला खाली भंगारवाला ओरडला, तर गॅलरीत जाऊन त्याला थांबवलं. भंगारवाला ऐकू येतो, भाऊ. टीव्हीवरची बाई ऐकू येते. मी नाही.” तिचा वर्गातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. “डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जो आवाज सगळ्यात पाठ असतो तो आधी जातो. छत्तीस वर्षं संसार केला. पाठ नसणार तर काय?”

दस्तगीरला सांगावंसं वाटलं, वहिनी, मशीन आपोआप शंभरला गेलं नव्हतं, मी नेलं होतं. पण ती आधीच रडत होती, आणि त्यानं स्वतःला समजावलं की आत्ता नको. आत्ता नको म्हणणाऱ्याला पुढे कधीच वेळ मिळत नाही, हे त्याच्याएवढ्या वयाच्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

मुलीचा आवाज गेला, ती बंगळूरहून रोज फोन करायची. मोठ्या भावाचा गेला. लिहून दाखवलेलं धनपाल वाचायचा, मोबाईलवर उत्तरं द्यायचा, पण लिहिलेलं म्हणजे माणूस नव्हे. ओळखीच्यांपैकी ऐकू येणारा एकच आवाज राहिला होता, दस्तगीरचा. तो मुळातच कमी बोलायचा, म्हणून असेल.

दिवाळीनंतर धनपाल दुकानात आला आणि म्हणाला, “दस्तू, एक ऐक. तू माझ्याशी बोलू नको.”

“काय झालं?”

“बोलू नको म्हणतोय न्हवं! जेवढं बोलशील तेवढा लवकर जाशील. तुझा आवाज साठवून ठेव. मला एक तरी माणूस पाहिजे रे.”

आणि मग ती विचित्र रीत सुरू झाली. धनपाल रोज चारला यायचा. दस्तगीर घोडी घासत बसायचा, धनपाल समोरच्या स्टुलावर. चहा यायचा, तो हातानं खुणावून द्यायचा. दोन म्हातारे तास-दीड तास गप्प बसायचे. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, दस्तगीर एक वाक्य बोलायचा. ते कुठलं बोलायचं याचा तो आठवडाभर विचार करायचा. एका शुक्रवारी तो म्हणाला, “विजापूरवाल्यानं सतारीचे भोपळे कच्चे पाठवले.” धनपाल डोळे मिटून ऐकत राहिला, देवळात आरती ऐकावी तसा. “आलं,” तो म्हणाला. “सगळं आलं.”

त्या प्रत्येक शुक्रवारी दस्तगीरला दुसरंच वाक्य बोलायचं होतं. धन्या, चूक माझी झाली. तिसऱ्या अजूनला मी थांबलो नाही, आणि तुझ्यासाठी नाही, माझ्या जळफळाटापायी थांबलो नाही. हे वाक्य त्यानं मोबाईलवर कितीदा लिहिलं आणि पुसलं. असलं काही लिहून पाठवतात का? ते तोंडानंच सांगायचं. आणि सांगितलं तर हा उठून जाईल, पुन्हा यायचा नाही, या भीतीनं तो भोपळ्यांवर बोलत राहिला. आठवड्याला एकच वाक्य बोलणारा माणूस, तेही असं वाया घालवत होता.

फेब्रुवारीत धनपाल एक दिवस म्हणाला, “गेल्या शुक्रवारी तुझं अर्धंच आलं. ‘पाणी’ आलं, पुढचं न्हाई.” म्हणजे दिवस भरत आले होते.

पुढच्या शुक्रवारी दस्तगीर नमाजहून आला, तोंड धुतलं, दुकानाचं अर्धं शटर ओढलं. चारला धनपाल आला. उन्हाची तिरीप फळीवरच्या स्टीलच्या डब्यांवर पडली होती. दस्तगीर त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ बसला. हातात कानस होती ती त्यानं बाजूला ठेवली.

“धन्या,” तो म्हणाला, “चूक माझी हाय. कुलूप मी काढलं. मशीननं केलं ते मला करायला जमलं न्हाई म्हणून जळलो, आणि पुढचं माझ्या हातानं केलं. तिसऱ्या अजूनला मी थांबायला पाहिजे हुतं. मला माफ कर.”

बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. मग तो घाबरत घाबरत धनपालच्या तोंडाकडे बघायला लागला.

धनपाल वाट बघत होता. मान जराशी पुढे, डोळे दस्तगीरच्या ओठांवर.

“बोल की लेका,” तो म्हणाला. “नुसतं तोंड काय हलवतोस?”

बाहेरून नारळवाल्याची गाडी गेली. “शहाळंऽऽ” अशी हाक आली आणि धनपालनं मान वळवून तिकडे बघितलं. कान धड होते. दस्तगीरनं पुन्हा तेच सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. शेजारच्या दुकानातला कारागीर डोकावून गेला. धनपाल तसाच बघत राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

“दस्तू,” तो म्हणाला. “ऐकायला आलं न्हाई, म्हंजे मला म्हाईत हुतं तेच बोललास तू.”

दस्तगीरनं बाजूची कानस उचलली आणि परत खाली ठेवली.

“अंगठा टेकवलास तवा मी बघितलं न्हाई व्हय? तेहतीस वर्षं तुझा चहा प्यालोय मी. त्या दिवशी चहा आला न्हाई, तवाच कळलं. कधी म्हणतोस त्याची वाट बघत हुतो. रोज चारला त्यासाठीच यायचो. पार पाठ झालं हुतं मला, तू काय म्हणशील, कसं म्हणशील. पण ऐकायचं हुतं रे. तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं.”

दस्तगीरनं त्याचे दोन्ही हात धरले. धनपालनं ते काढून घेतले नाहीत.

“आता दुसरं काय तरी सांग,” धनपाल म्हणाला. “अजून थोडा आवाज शिल्लक असंल बघ. मला म्हाईत न्हाई असलं काय तरी सांग. काय पण चालंल.”

दस्तगीर आठवायला लागला. अब्बांचं शेवटचं दुखणं, पण तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस धनपालच होता. मोडलेलं पहिलं लग्न धनपालला माहीत होतं, त्यानंच मिटवलं होतं. लहानपणी विहिरीत पडलो होतो ते, बहिणीशी वर्षभर अबोला धरला होता ते, भोपळ्यांचा भाव, गुडघ्याचं दुखणं, रात्री पडणारं स्वप्न, सगळं याच स्टुलावर, याच माणसाला सांगून झालेलं होतं. तेहतीस वर्षांत त्यानं धनपालपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि तीही धनपालला माहीत होती.

“सांग की,” धनपाल म्हणाला.

दस्तगीरनं तोंड उघडलं, आणि तसाच बसून राहिला.